रोड बाइकवर आणखी पैसे घालावेत का?

आज खर्चाबद्दल बोलू या.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हैदराबादहून भाच्याचा फोन आला. वय अडतीस, दिवसभर खुर्चीत बसून काम. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला सांगितलं की साखर अगदी काठावर आहे, आता हालचाल करा नाहीतर गोळ्या सुरू करू. तेव्हा त्याने ५२ हजारांची रोड बाइक घेतली. वजन ९४ वरून ८२ वर आलं, साखरही खाली आली. त्यानंतर त्याला ब्रेव्हेची हौस लागली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, पहिला आला काय आणि शेवटचा आला काय, नोंद सारखीच. पहिल्याच खेपेला त्याने १५२ किलोमीटरवर सायकल टेम्पोत टाकली आणि घरी आला.

फोनवर तो म्हणाला, "मामा, ग्रुपसेट आणि चाकं दोन्ही बदलायचं म्हणतोय. पंच्याऐंशी हजार होतील. तुम्ही वर्कशॉपवाले, तुम्हीच सांगा. नाहीतर मग विकूनच टाकतो सायकल."

पंच्याऐंशी हजारांचं मला एवढं काही वाटलं नाही, कमावता माणूस आहे. "विकूनच टाकतो" हे मात्र खटकलं. सायकल गेली की ती साखर पुन्हा काठावर येणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

मी नोकरीभर ईएमईमध्ये होतो. फौजेच्या गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणारी ही शाखा. आमच्याकडे गाडी वर्कशॉपला आली की "काय बसवू या?" असं कुणी विचारत नाही. तक्रार काय आहे, ती कशामुळे आहे, आणि दुरुस्तीचा खर्च त्या वस्तूच्या किमतीच्या मानाने किती, हे आधी कागदावर येतं. खर्च परवडणारा नसेल तर तीन अक्षरांचा शेरा पडतो, बीईआर. बियॉण्ड इकॉनॉमिकल रिपेअर. म्हणजे दुरुस्त होईल, पण करण्यात अर्थ नाही. मी त्याला म्हटलं, "अरे, आधी तक्रार सांग. पार्टांची नावं नंतर."

तक्रार एकच, "सायकल स्लो आहे."

मग त्या दिवसाची नोंद मागवली. सकाळी सहाला सुटला, संध्याकाळी पाचला थांबला. अकरा तासांत १५२ किलोमीटर. यंत्रात चालती सरासरी दिसत होती २० ची, म्हणजे प्रत्यक्ष पेडल मारण्यात गेले ७ तास ३६ मिनिटं. उरलेले ३ तास २४ मिनिटं साहेब थांबलेले होते! चहा, जेवण, हात झटकणं, गुडघा चोळणं. शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये दर आठ-दहा किलोमीटरला उतरला होता. आणि गंमत बघा, सोडलं तेव्हा ४८ किलोमीटर बाकी होते आणि हातात होते अडीच तास. त्याच वीसच्या वेगाने २ तास २४ मिनिटांत पोचला असता. सहा मिनिटं शिल्लक ठेवून.

म्हणजे सायकल हळू नव्हती. हात बधिर झाले होते आणि उजवा गुडघा दुखत होता. ही तक्रार निराळी आहे, आणि हिचं औषध पंच्याऐंशी हजारांत नव्हतं.

आता थोडं गणित. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीपलीकडे जात नाही. सायकलस्वाराचा जोर तीन ठिकाणी खर्च होतो. हवा कापायला, टायर रस्त्यावर घरंगळायला आणि चढावर वजन उचलायला. चौथा थोडासा साखळी आणि गिअरांच्या घर्षणात. मी ७५ किलोचा, सायकल दहाची, मिळून ८५. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २५ ने जायला मला साधारण ११२ वॅट लागतात. त्यातले ७७ च्या आसपास हवेत जातात आणि ३५ टायरमध्ये. साखळी-गिअरांचे चार-पाच वॅट वेगळे धरा.

हे चार-पाच वॅट लक्षात ठेवा. साखळी स्वच्छ आणि तेल दिलेली असेल तर पायाचा ९५ टक्क्यांहून जास्त जोर चाकापर्यंत पोचतो, मग गिअर शिमानोच्या खालच्या दर्जाच्या क्लॅरिसचे असोत की सर्वांत वरच्या ड्युरा-एसचे. महागडा ग्रुपसेट फार तर या चार-पाचातला एखादा वॅट वाचवील. वाळूने भरलेली कोरडी साखळी त्याहून जास्त खाते, आणि ती साफ करायला चिंधी आणि थोडं रॉकेल पुरतं. महाग ग्रुपसेटमध्ये मिळतं ते वेगळं असतं. गिअर हलक्या बोटाने पडतो, पकड चांगली असते, वजन थोडं कमी, दिसायला देखणा. ते मिळत नाही असं मी म्हणत नाही. पण वेग मिळत नाही.

हवेचे ७७ वॅट हे खरं दुखणं. आणि हवा अडवतं कोण? फ्रेम नव्हे, मुख्यतः आपण स्वतः. याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा क्रिस बोर्डमन या इंग्लिश सायकलपटूचा आहे. एका तासात किती अंतर जाता येतं, असा एक जुना विक्रम असतो. १९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर केले होते. १९९६ मध्ये बोर्डमनने मँचेस्टरमध्ये, हात सुपरमॅनसारखे पुढे ताणून, खास घडवलेल्या सायकलवर ५६.३७५ केले. नंतर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ठरवलं की हा विक्रम मर्क्सच्या काळासारख्या साध्या सायकलवरच व्हायला हवा. गोल नळ्यांची फ्रेम, तारांची चाकं, वाकडं हँडल. २००० मध्ये बोर्डमन त्याच मँचेस्टरमध्ये तशा सायकलवर बसला आणि झाले ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त, आणि स्वतःच्याच आधीच्या आकड्यापेक्षा जवळपास सात किलोमीटर कमी. चार वर्षांत वय वाढलं हे धरलं तरी एवढा फरक वयाचा नाही. तो बसण्याचा आणि हवेचा आहे.

आपल्याला सुपरमॅन व्हायचं नाही. माझी पाठ तर नाहीच होणार. पण कोपर थोडं वाकवून, खांदे जरा खाली घेऊन दोन तास बसता येणं आणि फडफडणाऱ्या सैल जॅकेटऐवजी अंगाबरोबरचा शर्ट घालणं, यात बरेच वॅट आहेत. तसं बसता यायचं तर सीटची उंची, सीट पुढे-मागे किती आणि हँडलपर्यंतचं अंतर हे आपल्या हाडांप्रमाणे असावं लागतं. त्याला फिटिंग म्हणतात. बऱ्याच मोठ्या शहरांत ते आता करून मिळतं.

टायरचे ३५ वॅट हा दुसरा हिस्सा. स्वस्त सायकलीला कंपनी जे टायर देते ते जाड, कडक आणि टिकाऊ असतात. चांगल्या मऊ टायरमध्ये हा खर्च एक तृतीयांशाने कमी होतो. माझ्या हिशेबात ३५ चे २३-२४ होतात. वाचलेल्या अकरा-बारा वॅटमध्ये ताशी २५ चे २६ होतात. शंभर किलोमीटरला नऊ-दहा मिनिटं. कागदावरचा आकडा आहे, खड्डे आणि सिग्नल त्यातले निम्मे खातील. तरीही नऊ-दहा हजारांच्या टायरच्या जोडीतून जे मिळतं ते दुसऱ्या कुठल्याही सुट्या भागातून तेवढ्या पैशांत मिळत नाही.

इथे दोन गोष्टी. एक, निव्वळ शर्यतीचे कागदासारखे पातळ टायर घेऊ नका. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा असतात. आत पंक्चर अडवणारी पट्टी असलेला टायर घ्या, दोन वॅट गेले तर जाऊ द्या. दुसरं, हवा. आमच्या ग्रुपमध्ये अजून लोक १२० पीएसआय ठासून भरतात, टायर दगडासारखा झाला की वेग येतो अशी समजूत. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर असेल तसं. आपल्या डांबरावर कडक टायर उड्या मारतो, आणि तो जोर तुमच्या मनगटात आणि कमरेत जिरतो. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २५ ऐवजी २८ मिलिमीटरचा टायर घाला आणि माझ्या वजनाच्या माणसाने ७५-८० पीएसआय भरावं. भाच्याचे हात बधिर होण्याचं निम्मं कारण इथेच होतं. २३ मिलिमीटरचे टायर, ११५ पीएसआय.

आता चढ आणि वजन. इथे सर्वांत जास्त पैसे उधळले जातात आणि उधळणाऱ्यांत मीही होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा आठ किलोमीटरचा घाट आहे, सरासरी सहा टक्क्यांचा, म्हणजे ४८० मीटर उंची. पुणेकरांनी सिंहगड आठवावा, बंगळूरकरांनी नंदी हिल्स. माझ्यासारखा माणूस १५० वॅट लावून तो चढायला सुमारे ४९ मिनिटं घेतो. सायकल एक किलो हलकी केली तर ८५ चे ८४ झाले, सव्वा टक्क्याहूनही कमी. वाचतात सुमारे ३५ सेकंद. एका पूर्ण किलोला! सुट्या भागांतून एक किलो कमी करायला लाखाच्या घरात खर्च येऊ शकतो. पाण्याची पाऊण लिटरची बाटली पायथ्याशी रिकामी केली तरी पंचवीस सेकंद फुकट मिळतात. (उन्हाळ्यात हा प्रयोग करू नका.)

तरीही मी साठाव्या वर्षी कार्बनची चाकं घेतली. ओळखीतल्या एकाकडून, वापरलेली, ३८ हजारांना. माझी जुनी ॲल्युमिनियमची जोडी दोन किलोची, ही सोळाशे ग्रॅमची. चारशे ग्रॅम वाचले, म्हणजे त्या घाटावर चौदा सेकंद. एका सेकंदाला सत्तावीसशे रुपये. हे गणित मी तेव्हा केलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं होतं की चाकाचं वजन दुप्पट मोजायचं, कारण ते फिरतं. हे अर्धसत्य आहे. सिग्नल सुटल्यावर वेग घेताना ते थोडं जाणवतं. एकसारख्या वेगाने घाट चढताना चाकातले चारशे ग्रॅम आणि खिशातले चारशे ग्रॅम यांत काहीही फरक नसतो.

मी राहतो महूला, इंदूरजवळ. आमच्या इथे जानापाव नावाची टेकडी आहे, चंबळ नदीचा उगम तिथला. पावसाळ्यात अख्खं इंदूर तिथे लोटतं. जुलैचा महिना, नवीन चाकं, सकाळी साडेसहाला मी वर पोचलो. वर धुकं, चहा, दोन-चार ओळखीची माळव्यातली मराठी मंडळी, चाकांचं कौतुक. उतरताना पाऊस आला. तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबले आणि काहीच झालं नाही. म्हणजे लिव्हर हँडलला टेकली, रबर रिमला लागलं, पण चाक फिरतच राहिलं.

कारण नंतर कळलं, आणि मला ते आधी माहीत असायला हवं होतं. रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलीत कार्बनची रिम ओली झाली की ब्रेक उशिरा धरतो. पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत चाकाचे काही फेरे निघून जातात. त्यात कार्बनच्या रिमला वेगळं ब्रेक रबर लागतं. मी जुनं, ॲल्युमिनियमच्या रिमवर दोन वर्षं घासलेलं रबर तसंच ठेवलं होतं. चाकांना ३८ हजार दिले आणि हजार-बाराशेचे ब्रेक शू बदलायचे राहिले! माझ्या वर्कशॉपमध्ये एखाद्या कारागिराने असेंब्ली बदलून तिला जोडलेला भाग तपासला नसता तर मी त्याला समोर उभं करून जाब विचारला असता.

डाव्या हाताला दरी होती, उजव्या हाताला डोंगराकडचं गटार. मी गटार निवडलं. हासळीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. सायकलीला खरचटलंसुद्धा नाही. इस्पितळात आमच्या हिने एकच प्रश्न विचारला, "किती सेकंद वाचले?" तेव्हा मी पहिल्यांदा कागद घेऊन डाव्या हाताने ते चौदा सेकंदांचं गणित मांडलं.

म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी थांबण्यावर घाला, मग पळण्यावर. ब्रेकचं रबर दर पावसाळ्याआधी काढून बघा. त्यात रुतलेले धातूचे कण टोकदार सुईने काढा. रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर सरळ बदला. ब्रेक आणि गिअरच्या केबल वर्ष-दीड वर्षात आतून गंजतात, विशेषतः मुंबई, गोवा, चेन्नईच्या दमट हवेत. हजार रुपयांत नवीन केबल आणि त्यांची नळी घातली की जुना ग्रुपसेट पुन्हा नव्यासारखा चालतो. "गिअर नीट पडत नाहीत, ग्रुपसेट बदलायचाय" असं म्हणत माझ्याकडे जेवढे लोक आले, त्यातल्या बहुतेकांचं काम केबलवर भागलं.

राहिला ग्रुपसेट. भाच्याच्या सायकलीवर आठ स्पीडचा क्लॅरिस आहे, त्याला अकरा स्पीडचा १०५ हवा होता. त्याला वाटत होतं की दोन-तीन भाग बदलले की झालं. तसं होत नाही. हँडलवरच्या लिव्हर बदलल्या की मागचा डिरेलर बदलावा लागतो, कारण एका क्लिकला केबल किती ओढली जाते हे जुन्या आणि नव्यात वेगळं असतं. मग कॅसेट आणि साखळी. पुढचा डिरेलर. बहुधा क्रँकही. आणि अकरा स्पीडची बहुतेक रोड कॅसेट जुन्या चाकाच्या हबवर मावत नाही, तिला १.८५ मिलिमीटर जास्त रुंद जागा लागते. म्हणून चाकही. दोन मिलिमीटरहूनही कमी जागेपायी चाकाची जोडी! धाग्याचं एक टोक ओढलं की स्वेटर उसवत जातो तसं हे आहे.

आणि एवढं करून हातात काय? ५२ हजारांच्या फ्रेमवर पंच्याऐंशी हजारांचं सामान. उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक सायकलीची किंमत फ्रेमचं नाव बघून करतो. कारखाने ग्रुपसेट हजारोंनी विकत घेतात, त्यामुळे १०५ बसवूनच आलेली सायकल आणि सुटा १०५ आणून बसवलेली सायकल यांत पहिली नेहमी स्वस्त पडते, शिवाय फ्रेम त्या तोडीची मिळते. डिस्क ब्रेक हवे असतील तर प्रश्नच नाही, रिम ब्रेकच्या फ्रेमला ते बसत नाहीत. मी स्वतःसाठी एक रेघ आखून घेतली आहे. झीज भरून काढण्यापलीकडचा खर्च सायकलीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की बीईआर. ती सायकल आहे तशी चालवायची आणि पैसे पुढच्या सायकलीसाठी बाजूला टाकायचे. ही रेघ काही शास्त्राने आखलेली नाही, माझ्या खिशाने आखलेली आहे. तुमची तुम्ही आखा.

एखाद्याला १०५ हवाच असेल, तो बघून सकाळी उठावंसं वाटत असेल, तर घ्यावा. हौसेला मोल नसतं. फक्त तो खर्च हौसेच्या खात्यात लिहा, वेगाच्या नाही. आमच्या मेसमध्ये काही अधिकारी घोड्यांवर याहून कितीतरी जास्त उडवायचे आणि कुणी हिशेब मागत नसे.

भाच्याचा गुडघा राहिलाच. त्याच्या मार्गावर विकाराबादजवळचा अनंतगिरीचा चढ होता. त्याच्या सायकलीला पुढे लहान चक्र ३४ दातांचं आणि मागे सर्वांत मोठं २८ दातांचं. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारायचे तर वेग ताशी ९ च्या वर ठेवावा लागतो, आणि आठ टक्के चढावर, त्याच्या सामानासकट ९५ किलोला, त्यासाठी २०० वॅटहून जास्त लागतात. एवढे त्याच्यात नाहीत. मग फेरे ४० वर येतात आणि प्रत्येक फेऱ्याचा दाब गुडघ्यावर. मागे ३२ दातांची कॅसेट घातली की तेच साठ फेरे ताशी ८ ने आणि १८० च्या आत जमतात. आठ स्पीडची अशी कॅसेट आणि नवीन साखळी मिळून तीन हजारांत काम. मागच्या डिरेलरचा पिंजरा तेवढ्या दातांना पुरतो का हे आधी दुकानदाराला विचारा, आणि साखळी काही कड्यांनी लांब घ्या. चढावर गुडघा दुखणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला मी आधी हाच प्रश्न विचारतो, मागचं मोठं चक्र किती दातांचं? अर्ध्याहून जास्त लोकांनी ते कधी मोजलेलं नसतं.

साखळीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, स्टीलची पट्टी सगळ्यांच्या घरी असते. साखळीच्या एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा. नव्या साखळीत बरोबर बारा इंचांवर पिनेचा मध्य येतो. ती पिन एक सोळांश इंच पुढे सरकलेली दिसली तर साखळी बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश सरकली असेल तर साखळीने कॅसेटचे दातही खाल्ले, आता दोन्ही बदला. साखळी ताणली जात नाही, तिच्या पिना आतून झिजतात. वेळेवर बदललेली हजार-बाराशेची साखळी पुढचे बरेच हजार वाचवते.

तर भाच्याचं शेवटी असं ठरलं. फिटिंगला पाच हजार. त्यात निघालं की सीट दोन सेंटिमीटर खाली होती आणि हँडल लांब. पट्टीच्या संरक्षणाचे २८ मिलिमीटरचे टायर, जोडी नऊ हजार. त्याच्या ब्रेकखाली ते कसेबसे मावले, आधी मोजून घेतलं होतं. कॅसेट आणि साखळी तीन हजार. ब्रेकचं रबर नऊशे, केबल नऊशे, हँडलची जाड टेप बाराशे. एकूण वीस हजार. त्याला हे फार पचलं नाही. "मामा, फोटोत काहीच फरक दिसणार नाही," म्हणाला. खरं होतं ते.

फेब्रुवारीत तो पुन्हा २०० ला उतरला. १२ तास १८ मिनिटं. रात्री मला नोंद पाठवली आणि मी लगेच वजाबाकी केली, सवय जात नाही. चालती सरासरी २० ची २०.६ झाली होती, त्यात सतरा मिनिटं वाचली. थांबे ३ तास २४ मिनिटांवरून २ तास ३५ वर आले, तिथे एकोणपन्नास मिनिटं. म्हणजे टायर, कॅसेट, सगळं मिळून वेगाने वाचवलं त्याच्या जवळपास तिप्पट न उतरल्यामुळे वाचलं. हात बधिर झाले नाहीत म्हणून उतरला नाही, गुडघा बोलला नाही म्हणून उतरला नाही. आता तो ३०० चं बोलतोय. वीस तास मिळतात त्याला. मी म्हटलं, आधी रात्रीचा दिवा चांगला घे, मग बोलू.

माझी ती कार्बनची चाकं अजून गॅरेजच्या भिंतीला टांगलेली आहेत. दोघांनी मागितली. दोघांच्याही सायकलींना रिम ब्रेक आहेत, आणि दोघंही पावसात घाट उतरतात, म्हणून दिली नाहीत. कोरड्या हवेत, सपाटीवर चालवणारा कुणी असेल तर ब्रेकच्या नव्या रबरासकट देईन.